निरोप मेढ्यावरनं

मेढा,
११ फेब्रुवारी

ति. सौ. संयोगितामामीस,
मयूरीचा पाया पडून नमस्कार.

पत्र लिवायला कारन की बोटीच्या सहलीला जाताना तूच म्हनलीस, फोनवर तू अडकतीस तर कागदावर लिव, फोटो काढ आन सुबेदारांच्या क्षमावैनीच्या फोनवर धाड. तुझ्या बटनाच्या फोनात फोटो येत न्हाई म्हनून हा खटाटोप. अक्षर बघून त्या हसतील तर हसू दे. नववीतनं शाळा सोडली तवा जसं व्हतं तसंच ऱ्हायलंय.

हितं समदं ठीक हाय. काळी कोंबडी खुडूक बसलीय, तिच्या पोटाखाली अंडी ठेवली. शेजारच्या धोंडुबाई सोबतीला येत्यात. त्यास्नी एकच इचार पडलाय, की एवढी मानसं बोटीत चढवली तर ती बुडत कशी न्हाई. मी म्हनलं मला म्हाईत न्हाई. तर म्हनाल्या, तुला म्हाईत न्हाई, तुझ्या मामीला म्हाईत न्हाई, मग ती चढली कशाला.

मामी, एक गोष्ट सारखी डोळ्यापुढं येती. जीप निघाली तवा तू एका खिडकीला, मामा दुसऱ्या खिडकीला, आन मदी माझ्याएवढी जागा मोकळी. मी येनार न्हवते तरी जागा सोडलीसा. दोन वरसं हेच चाललंय. मामा फौजेतनं रिटायर हून आले, तू आटपाडीला माहेरी गेल्याली आन मागं त्यांनी चांदी म्हस इकून टाकली, तुला आराम पायजे म्हनून. तवापासनं तू त्यांच्याशी सरळ बोलत न्हाईस. मला सांगतीस, मामाला सांग जेवान वाढलंय. मामा चुलीपाशी उभं ऱ्हाऊन मला सांगत्यात, मामीला सांग वास लय चांगला आलाय. शाळेत उभं करून वाचायला लावलं की माझा आवाज जायचा, त्यासाठी शाळा सुटली. आन हितं तुमच्यात येऊन दोघांचं बोलनं माझ्याच तोंडात आलं. आता त्या बोटीतल्या खोलीत तुमी दोघंच. मी न्हाई. कसं करनार, ह्याची काळजी लागलीय.

दुसरं एक. तुमी जायच्या आदी सांगनार व्हते, जीभ उचलली न्हाई. आईचा फोन आला व्हता. माधवनगरला आमच्या गल्लीच्या मागं शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना निघालाय. तितल्या बाई मला घेतो म्हनत्यात, मोठं मशीन शिकवनार. इसाव्या तारखेला हजर पायजे, न्हाईतर दुसरी पोरगी घेनार. तुमी अठराला येताय. मला जायचंय, मामी. पन मी गेले तर तुमच्या घरात कोन बोलंल, हे बी कळत न्हाई. तूच मामाला सांग. न्हाई, तू कसं सांगशील. बघते, मीच कायतरी करीन.

भाकरी खाताना पान्याचा घोट घेत जा. माझ्यावर माया हाय ती आसू दे.

तुझी,
मयूरी


बोटीवरनं, गोवा,
१२ फेब्रुवारी

चि. मयूरीस,
मामीचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद.

तुझं पत्र गोव्याच्या बंदरात मिळालं. क्षमावैनीनी फोन माझ्या म्होरं धरला आन मी वाचलं. त्या म्हनाल्या मी न्हाई हो वाचत, मला चष्मा लागतो. पन माझ्या संगंसंगं त्यांची मान बी हलत व्हती.

भाकरीचं लिवलंस. भाकरीचं गठुडं मुंबईतच काढून घेतलं. बाहेरचं खानं आत चालत न्हाई म्हने. तुझ्या मामाच्या फौजेतले लालासाहेब भावजी सुबेदारी आवाजात भांडले, इकडं कोन ऐकतंय. पहाटं उठून थापल्याल्या भाकरी, चटनी, समदं तितंच ऱ्हायलं. तुझ्या मामाची ती काळी लोखंडी ट्रंक मातर आत गेली, तिच्यावरचा फौजेचा नंबर बघून एका पोऱ्यानं सलाम बी ठोकला.

बोट म्हनायची, पन आत गेलं की साताऱ्याची पेठ. दुकानं, जिनं, लिफ्ट, गाना-बजाना. खायला कवाबी जावा, मांडल्यालंच. लालासाहेबांच्या क्षमावैनी आन संगं आल्याल्या अर्जुनाभावजींची बायको दोघी सारख्या हिंडत्यात, फोटो काढत्यात. मला म्हनत्यात चल गं, झोपायला आलीस व्हय. मी म्हनते व्हय. खरंच झोपते. जेवायला उठते, परत झोपते. अंगातनं कायतरी निघून चालल्यागत झोप येती. समुद्र खिडकीतनं दिसतोय, तेवढा पुरं झाला.

खोलीत एकच पलंग हाय. दोन आसत्यात म्हने, पन जोडपं म्हनून जोडून ठेवल्यात. मी मदी कपड्याची पिशवी ठेवलीय. काल डेकवर फोटो काढताना क्षमावैनीनी तुझ्या मामाला सांगितलं, बायकोच्या खांद्यावर हात टाका, कोन पोलीस धरत न्हाई. ठेवला त्यांनी. फोटो निघंपतुर लय जड वाटला. आन एक गंमत बघ. घरात हातानं पान्याचा तांब्या भरून न घेनारा मानूस हितं लालासाहेबांस्नी चहा आनून देतोय. ते बसले की हे उभं. रिटायर हून दोघं घरी बसली तरी ते सुबेदार आन हे हवालदारच.

आता मामाला हे सांग. सकाळी खोलीत कवायत करू नगा, जागा न्हाई, पाय माझ्या पिशवीला लागतोय. आन सांग, दुसऱ्याला आराम द्यायचा तर आदी त्याला इचारावं. म्हस इकताना इचारलं न्हाई, आन बोटीची तिकिटं काढताना बी न्हाई. जसंच्या तसं सांग. तू माझं बोलनं गोड करून सांगतीस हे मला पयल्यापासनं म्हाईत हाय. म्हनून मी तिखट दुप्पट घालते.

तुझ्या कामाचं दोनदा वाचलं. तू गेलीस तर मी कुनाशी बोलू? घाई करू नगं. आल्यावर बघू.

कोंबडीला पानी लांब ठेव, नायतर अंडी सोडून उठती. तुझी आठवन येती, तू बी काढत जा.

तुझी,
मामी


गोवा,
१२ फेब्रुवारी

चि. मयूरीस आशीर्वाद.

हितं सब ठीक. तुझं मला पत्र न्हाई, मामीला आलं हे कळलं. मी आपलं लिवतोय. फौजेत आठवड्याला एक पत्र लिवायची सवय व्हती, हात बसू देत न्हाई. खाली हॉटेलात बसून लिवतोय, मामी वर खोलीत हाय.

सुबेदार साब खूश हायत. अर्जुना पत्त्यात हरला. बोट लय शिस्तीची. पयल्या दिवशीच समद्यास्नी केशरी जाकिटं घालून फॉलिन करून रांगंत उभं केलं, बोट बुडाली तर कुटं पळायचं ते सांगितलं. तुझी मामी जाकीट घालून उभ्या उभ्या डुलकी घेत व्हती.

बोट हलती तवा मला उलटी झाली. सियाचीनला झाली न्हाई ती हितं झाली. हे मामीला सांगू नगं. तिला येवढं सांग की जिना उतरताना कठड्याला धरून उतर.

आन एक इचार तिला. तब्येत बरी हाय का. ती सारखी झोपती. बावीस वरसं मी सुट्टीवर यायचो, तर मी उठायच्या आदी ती उठल्याली आसायची. मी झोपलो की मग ती पाठ टेकायची. तिचं झोपल्यालं तोंड मी कवा बघितलंच न्हवतं. आता दिवसाउजेडी दिसतंय तर भ्या वाटतंय. मी खुर्ची घिऊन समोर बसतो. ती जागी व्हायला लागली की बाहेर जातो. आजारी आसंल तर बोटीत डॉक्टर हाय. तू इचारून मला कळव.

तू आमच्यात हायस म्हनून घर चाललंय. आल्यावर गवंड्याला सांगतो, पडवीच्या कडंनं तुला एक खोली काढू. कायमची.

आशीर्वाद हायतच, कमी पडू देनार न्हाई.

तुझा मामा,
कृष्णात


मेढा,
१३ फेब्रुवारी

ति. मामास आन ति. सौ. मामीस,
मयूरीचा दोघांस्नी एकदमच नमस्कार.

हे एकच पान हाय. ह्याचाच एक फोटो मामांच्या फोनवर धाडते आन एक क्षमावैनीच्या. म्होरं बोट बेटाला लागंल तवा रेंज यील म्हने, तवा दोघंबी वाचाल.

तुमची दोन्ही पत्रं एकदमच आली. एका बंदरातनं, एकाच घटकंला. मी कोंबड्यांस्नी दानं टाकत व्हते. पायरीवर बसून फोनात एकामागं एक लावून वाचली. एक वरच्या खोलीत बसून लिवल्यालं, एक खालच्या हॉटेलात. मदी एक जिना. आन निरोप गोव्यावरनं मेढ्याला आले, ते मी मेढ्यावरनं परत त्याच बोटीत धाडायचे.

मी धाडत न्हाई.

मामा, तुमचा मामीसाठीचा निरोप माझ्यापाशी हाय. मामी, तुझा मामासाठीचा बी हाय. दोन्ही ऱ्हाऊ द्यात हितंच. रागवू नगा. मी दमले. भाकरी थापून, पानी भरून मी दमत न्हाई, ते मला आवडतं. पन एकाचं बोलनं तोंडात घिऊन पडवीतनं सैपाकघरात जायचं, तितलं घिऊन परत यायचं, आन येताना ते जरा पुसून घ्यायचं, ह्यानं मी दमले. काल धोंडुबाई म्हनाल्या मयूरे जरा पानी दे. तर मी मागं वळून बघितलं, कुनाला सांगायचंय म्हनून. त्या म्हनाल्या मागं कोन हाय, तुलाच म्हनते.

आता माझं सांगते. मामीला लिवलंय, मामांस्नी म्हाईत न्हाई. माधवनगरला गणवेश शिवायच्या कारखान्यात मला काम मिळतंय. इसाव्या तारखेला हजर व्हायचं हाय. मी जानार. मामा, खोली काढू नगा. तुमी दोघांनी मला पोरीगत ठेवली, कवा वाईट बोलला न्हाईसा, हे मी इसरनार न्हाई. पन माझ्या जिवावर घर चाललंय आसं लिवलंसा ते वाचून मी फोन पायरीवर उपडा ठेवला. मी सतरा वरसाची हाय. एवढं मला उचलत न्हाई.

तोंडानं हे मला कवाच सांगता आलं नसतं. कागदावर बी तीनदा फाडलं.

रागवायचं आसंल तर दोघं मिळून रागवा. मामा, मामी आजारी न्हाई असं मला वाटतं, पन खरं काय ते तिलाच म्हाईत. ती तुमच्या समोरच हाय.

काळ्या कोंबडीची अंडी ठीक हायत. लोभ कमी करू नगा, एवढंच मागते.

तुमची,
मयूरी


बोटीवरनं, कोची,
१६ फेब्रुवारी

चि. मयूरीस,
मामीचा आशीर्वाद, लय लय.

तुझं पत्र बेटावर उतरल्या उतरल्या क्षमावैनीच्या फोनात आलं. पयल्यांदा लय राग आला. एवढीशी पोरगी, आन मला लिवती धाडत न्हाई म्हनून. तुझ्या मामाकडं बघितलं, त्यांच्या बी हातात फोन. त्यांचं तोंड बोटीत उलटी झाल्यावर व्हतं तसं झाल्यालं. उलटी झाल्याली मला म्हाईत हाय. खोली केवढी, त्यात लपतंय व्हय.

आता बेटावर काय झालं ते नीट सांगते, नायतर क्षमावैनी फोन करून तिखटमीठ लावून सांगतील.

मोठी बोट लांब उभी ऱ्हाती, बारक्या नावंतनं जायचं. नाव वर-खाली, मदी पानी. तुझ्या मामांनी उतरायला हात दिला. मी न्हाई धरला, खलाशाचा धरला. बेट म्हनजे पांढरी वाळू, नारळाची झाडं आन पानी असं की तळातला दगड दिसावा. बघून बरं वाटलं. सावलीत बसावं आन बसूनच ऱ्हावं आसं वाटलं.

पन क्षमावैनी बसू देनाऱ्या न्हवत. जोड्यांचा खेळ म्हनाल्या. वाळूत एक नारळ ठेवायचा. नवऱ्याचे डोळे बांधायचे, गरागरा फिरवायचं, आन बायकोनं लांब रेघंवर उभं ऱ्हाऊन तोंडानं सांगायचं, डावीकडं, उजवीकडं, म्होरं. नवऱ्यानं नारळाला हात लावायचा. मला वाटतं तुझं पत्र वाचूनच त्यांनी हे काढलं. इचारलं तर म्हनाल्या छे, आमच्या भिशीत नेहमी खेळतो.

अर्जुनाभावजी पयले. त्यांच्या बायकोनं असं वरडून सांगितलं की झाडावरचे कावळे उडाले. लालासाहेब डोळे बांधून बी बायकोलाच हुकूम देत व्हते, की असं न्हाई म्हनायचं, आदी पावलं सांग, मग दिशा सांग. ते जाऊन एका परक्या बाईच्या छत्रीला धडकले. लय हसलो. मी बी हसले.

मग तुझं मामा. क्षमावैनीनी माझाच टावेल त्यांच्या डोळ्याला बांधला, फिरवून सोडलं. नारळ उजव्या अंगाला, आन ह्यांचं तोंड समुद्राकडं. समदी माझ्याकडं बघाय लागली. मयूरी, माझ्या तोंडातनं शब्द निघंना. हट्ट न्हवता गं. निघंनाच. मी मागं वळून बघितलं, तू आसशील म्हनून.

ते जरा थांबले. कान देऊन उभे ऱ्हायले. मग चालाय लागले, सरळ समुद्राकडं. पयल्यांदा समदी हसली. पाय भिजले तरी चालत्यातच. लालासाहेबांनी फौजेतल्या आवाजात वरडून हुकूम दिला, पीछे मुड म्हनून. चहा आनून देनारा मानूस, पन त्यो हुकूम ऐकला न्हाई. गुडघ्यापतुर गेले. प्यांट भिजली. हसनं थांबलं. पानी निळं, तळ दिसतोय, पन म्होरं किती खोल ते कुनाला ठावं. टावेल ओढून काढायला किती येळ लागतोय. हात वर केला न्हाई त्यांनी. कमरंपतुर गेले.

तवा मी वरडले. आवं, थांबा म्हनलं.

थांबले. मी म्हनलं उजवीकडं वळा. तर त्या पान्यात कवायतीगत वळले, पाय आपटून. पानी हे उडालं. कुनीतरी फिसकन हसलं. आन मला काय झालं म्हाईत न्हाई, मी बोलतच सुटले. पान्याच्या कडंला जाऊन बोलले. की बावीस वरसं तुमी न्हवता तवा चांदी आन तिची आई ह्याच माझ्या सोबतीला व्हत्या, पावसाळ्यात रातभर गोठ्यात बसले, साप निघाला तवा तीच वरडली. तुमी आला आन एका दिसात दावं सोडून दिलंसा. की परत आले तर गोठा धुऊन, शेनानं सारवून ठेवल्याला, मला बरं वाटावं म्हनून, आन मी त्या मोकळ्या दावनीपाशी पिशवी घिऊन उभी ऱ्हायले ते तुमाला दिसलं बी न्हाई. आनखी लय बोलले. भाकरीच्या गठुड्याचं बी बोलले. चार मानसात कवा आवाज न काढल्याली मी. क्षमावैनीनी समद्यांस्नी शहाळी प्यायला म्हनून लांब नेलं.

तुझं मामा टावेल बांधूनच उभे. माझं सपंपतुर काढला न्हाई. मग म्हनाले, मला वाटलं तू दमलीस. मी म्हनलं दमलेच व्हते. दमलेच व्हते म्हनून तर एवढा राग आला. हे मी का म्हनलं मला अजून नीट कळलं न्हाई, पन ते खरं हाय. ते म्हनाले आता टावेल काढू का. मी म्हनलं मला काय इचारता. तर म्हनाले, आता इचारूनच करायचं ठरवलंय.

त्याच्या म्होरं काय लय गोड झालं आसं समजू नगं. येताना नावंत भांडलो. खोलीत आल्यावर कवायतीवरनं भांडलो. मदली पिशवी खाली ठेवली, कारन तिच्यावर त्यांची ओली प्यांट वाळत टाकली व्हती. आन मग मी झोपले.

तू जा. इसाव्याला नीट हजर हो. आमी अठराला येतोय, दोन दिस संगं ऱ्हाऊ. फळीवर माझी सुई-दोऱ्याची पत्र्याची डबी हाय, ती घिऊन जा. त्यातली कात्री माझ्या आईची हाय, धार चांगली धरती. तुझा मामा डबीचं ऐकून व्हय म्हनाला. मी इचारलं न्हवतं, नुसतं सांगितलं व्हतं.

माया हाय, ती काय बोलून दावत न्हाई.

तुझी,
मामी


माधवनगर,
१ मार्च

ति. मामास आन ति. सौ. मामीस,
मयूरीचा नमस्कार.

काम लागलं. आठवडा झाला. पाठ लय दुखती, घरी आले की आई जेवायला वाढती तवर मी भिताडाला टेकूनच झोपते. मामीची आठवन येती तवा.

कारखाना म्हनजे लांब पत्र्याचं शेड हाय. मशीनी एवढ्या की आवाजात कुनी कुनाला काय सांगत न्हाई, हातानं दावत्यात. मला ते लय बरं वाटतंय. मी कॉलर जोडते. पांढरे शर्ट, नववीच्या मापाचे. पयल्या दिवशी एक उलटी जोडली, बाई रागावल्या. मी उसवून परत जोडली. मामीच्या कात्रीनं उसवली. शेजारच्या मशीनवर क्रांती म्हनून पोरगी हाय, आटपाडीकडचीच. तिनं डबा खाताना इचारलं तू बोलत का न्हाईस. मी म्हनलं बोलून झालंय लय. ती हसली. आता संगं जेवतो.

अंड्यातनं पिल्लं निघाली का ते कळवा. तुमी भांडताय का गप हाय ते बी कळवा. गप आसाल तर मला नगं सांगू.

लोभ हाय तसाच पाठीवर ठेवा.

तुमची,
मयूरी


मेढा,
९ मार्च

चि. मयूरीस,
दोघांचा आशीर्वाद.

पिल्लं निघाली. एक मेलं, बाकीची पायात पायात येत्यात. धोंडुबाई इचारतीय की मयूरी मशीनच्या आवाजात बहिरी झाली तर तिचं लगीन कसं व्हनार. मी म्हनलं उलट लवकर व्हईल.

भांडतोय रोज. तुझा मामा मीठ कमी हाय हे आता तोंडावर सांगतो, ते तुझ्यासारखं पुसून येत न्हाई, तसंच येतं. तू मदी व्हतीस तवा त्याला माझं जेवान लय आवडतंय आसं मला वाटायचं. कुनी सांगितलं व्हतं गं तसं?

परवा चांदीला बघाय गेलो. हितल्याच कुडाळच्या अंगाला एका शेतकऱ्यानं घेतल्याली. तुझ्या मामांनी आदल्या दिवशी इचारलं, यायचं का म्हनून. गेलो. व्याल्याली हाय, रेडी झालीय. माझ्याकडं बघितलं, एकदा शिंग हलवलं आन परत वैरनीत तोंड घातलं. वळखलं का न्हाई कळलं न्हाई. अंगावर हात फिरवला. तुझ्या मामांनी बांधावर उभं ऱ्हाऊन इचारलं, परत आनायची का. मी बराच येळ बघितलं. मग न्हाई म्हनलं. तोंडानं म्हनलं. शेन काढायचं, पहाटं उठायचं, आता अंगात न्हाई ऱ्हायलं. येताना पायवाटंनं चढ लागला, मदी बसले. ते बी बसले.

आन तुला एक सांगायचं ऱ्हायलंच, काल कालवन करताना

म्होरलं मी लिवतोय. तुझी मामी लिवता लिवता झोपली. पडवीत भिताडाला टेकून, पेन हातात तसंच. पेन काढून घेतलं, जागी झाली न्हाई. ऊन पायावर आलंय, ते सरकलं की बरं.

तुला माझं एक सांगतो. बेटावर पायाला पानी लागलं तवाच मला कळलं व्हतं कुटं चाललोय. टावेल काढता येत व्हता. मी इचार केला, ही बोलंल तवा थांबू. लय लांब लागलं ते चालनं.

आता ती झोपली की मी समोरच बसतो. जागी झाली तरी बाहेर जात न्हाई. ती म्हनती काय बघताय. मी म्हनतो कायबी न्हाई.

कालवन करताना काय झालं ते मला म्हाईत हाय. मी तितंच व्हतो. पन मी सांगत न्हाई. उठली की तीच लिवंल.

आशीर्वाद. काम नीट कर.

तुझा मामा,
कृष्णात